लांडगा, गिधाड आणि कोलकार सर

कोलकार सरांशी बोलायला गेलं की ते आधी आभाळाकडे बघायचे आणि मग आपल्याकडे. शाळेच्या फाटकात भेटा, स्टँडवर भेटा, लग्नाच्या मांडवाबाहेर भेटा, पहिली नजर वर. नव्यानं आलेल्या हेडमास्तरांना हा उद्धटपणा वाटला. ‘‘मी इकडे बोलतोय आणि हे गृहस्थ वर बघतायत,’’ अशी त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटलं, साहेब, मनावर घेऊ नका, ते गिधाडं बघतात. हे ऐकून त्यांचं समाधान झालं असं मला काही वाटलं नाही, कारण त्यानंतर ते स्वतःच अधूनमधून काळजीनं वर बघायला लागले.

मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि सर विज्ञान शिकवायचे. आमचं गाव संकेश्वर आणि निपाणीच्या मधलं, हमरस्त्यापासून आत. ओढ्याकाठी ऊस, त्याच्या वर तंबाखू आणि त्याच्याही वर उघडा माळ. माळाच्या उतारावर जुन्या आंब्यांची एक रांग होती. त्या आंब्यांवर गिधाडं घरटी करायची. पांढऱ्या पाठीची, उघड्या मानेची, बसली की एखादी फांदी वाकवणारी. गावातलं कुणी सकाळी कामाला निघताना त्या झाडांकडे बघत नसे. दिवस वाईट जातो म्हणायचे.

सर याच गावचे. पूर्वी ज्याला महारवाडा म्हणायचे त्या आताच्या बौद्ध गल्लीतले. बेळगावला बोर्डिंगात राहून बी.एस्सी. झाले आणि शहरात नोकरी मिळत असताना गावच्या हायस्कुलात आले. त्यांच्या पत्नी बेळगावात दवाखान्यात नर्स होत्या, मुलं त्यांच्याजवळ. सर शनिवारी दुपारी जायचे आणि सोमवारी पहिल्या बसनं परत यायचे. इथं का अडकून पडलात, असं विचारलं की म्हणायचे, ‘‘आप्पा एकटं हाईत, आनि माळबी एकटा हाय.’’ आप्पा म्हणजे त्यांचे वडील. पुढे रिटायर होऊन सर कायमचे बेळगावला गेले आणि तिथंच वारले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याविषयी कधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की एकाच दिवसाशी येऊन हात थांबतो. आज लिहितोय ते तो दिवस धरूनच.

आठवीला प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा होता. एक वन्य सस्तन प्राणी आणि एक पक्षी घेऊन त्यांची तुलना करायची. पुस्तकात वाघ आणि मोर दिले होते. सर ते पान उघडायचे, मुलांना एकदा मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि पुस्तक मिटून फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायचे. एका बाजूला लांडगा, दुसऱ्या बाजूला गिधाड. दोघांनाही पाठीचा कणा, म्हणून संघ एक. मग फाटा फुटला. लांडगी पोटातून पिलं देते, त्यांना दूध पाजते, अंगावर केस, वर्ग सस्तन. गिधाड अंडं घालतं, तेही वर्षाला एकच, अंगावर पिसं, वर्ग पक्षी. असं गण, कुल करत खाली यायचं. अगदी शेवटच्या पायरीला मराठीत ‘जाती’ म्हणतात. सर तो शब्द फळ्यावर लिहायचे, तोंडानं मात्र ‘स्पेसीज’ म्हणायचे. वर्गात कुणी त्याचं कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रेघेच्या तळाला ते आणखी एक ओळ घालायचे, जी पुस्तकात नव्हती. तिचं नाव ‘हालहवाल’. म्हणजे तो प्राणी सध्या जगात कसा आहे. लांडग्यापुढे लिहायचे, ‘कायद्यानं संरक्षित, माळावर क्वचित.’ गिधाडापुढे लिहायचे, ‘पुस्तकानुसार विपुल.’ आणि खडू झटकत म्हणायचे, ‘‘पुस्तक लिहिणारा आपल्या माळावर आला नव्हता. तुम्ही जाऊन बघा आणि मला सांगा.’’ परीक्षेत वर्ग बरोबर लिहिला तर अर्धेच मार्क. उरलेले अर्धे हालहवालीचे. घोकणाऱ्या पोरांचा यात फार घोटाळा व्हायचा, कारण हालहवाल दर वर्षी बदलायची.

या धड्याचा तक्ता मी काढायचो आणि सर तो नापास करायचे. माझा पहिला लांडगा बघून ते म्हणाले, ‘‘मास्तर, ह्ये दारूच्या कंत्राटदाराचं कुत्रं हाय. लांडगा असं तोंड करून कुनाकडं बघत न्हाय.’’ गिधाड तर मी तीन-चारदा काढलं. प्रत्येक वेळी माझ्या हातून मानेला थोडी पिसं जास्त पडायची. उघडी मान काढायला हात धजायचा नाही. सर मागे उभे राहून म्हणायचे, ‘‘लाजू नका हो. त्येला लाज वाटत न्हाय, तुमाला कशाला वाटतीय?’’ शेवटी त्यांनी मला आंब्याखाली नेऊन बसवलं. तिथं सकाळभर बसून मी जे गिधाड काढलं ते त्यांनी फ्रेम करून प्रयोगशाळेत लावलं. माझ्या आयुष्यात फ्रेम झालेलं माझं एवढंच चित्र.

एकदा चिक्कोडीहून तपासणीला साहेब आले. ते कानडी, मराठी समजायचं पण बोलायचा कंटाळा. तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘‘हुली, नविलु बिट्टु ई तोळ याके?’’ वाघ आणि मोर सोडून हा लांडगा कशाला? सरांनी स्वच्छ कानडीत उत्तर दिलं, आणि ते साहेब गेल्यावर मला मराठीत सांगितलं. ‘‘मी म्हनलं, वाघ-मोराची काळजी घ्यायला दिल्ली हाय. ह्या दोघांस्नी माझ्याबिगर कोन हाय?’’ साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं देव जाणे, पण तक्ता राहिला.

सरांचं आणि गिधाडांचं नातं धड्यापुरतं नव्हतं. ते त्यांच्या वडिलांपासून आलं होतं. आप्पा तरुणपणी गावची मेलेली ढोरं ओढायचे. गाय मरो, बैल मरो, म्हैस मरो, मालक निरोप धाडायचा आणि आप्पा दोर घेऊन जायचे. ढोर माळावर नेऊन टाकायचं. हे काम त्यांना कुणी विचारून दिलं नव्हतं, आणि नको म्हणायची सोय नव्हती. धर्मांतर झालं त्या वर्षी गल्लीनं ठरवून हे काम सोडलं. आप्पांनी आपला दोर ओढ्यात सोडून दिला आणि घरी येऊन लहानग्या पोराला सांगितलं, ‘‘माझ्या घरातल्या कुनी मेल्या ढोराला हात लावायचा न्हाय. किती बी शीक, कुटं बी जा, एवढं इसरू नगंस.’’ गावानं त्याबद्दल गल्लीला बराच त्रास दिला. विहीर बंद केली, कामावर घेणं बंद केलं. गल्ली बधली नाही.

सरांनी ते वचन कसं पाळलं ते सांगतो. कॉलेजात बेडूक कापले, झुरळं कापली, तक्रार नाही. एकदा प्रोफेसरांनी ट्रेमध्ये बैलाचा डोळा कापायला दिला. सर ट्रे तसाच ठेवून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. कारण सांगितलं नाही, त्या प्रॅक्टिकलचे मार्क गेले. हे मला त्यांनी फार वर्षांनी सांगितलं, तेही हसत. मला हसू आलं नाही.

गल्लीनं काम सोडल्यावर संकेश्वरचा एक कातड्याचा व्यापारी गाडी घेऊन यायला लागला. तो कातडं काढून घ्यायचा आणि बाकीचं माळावर टाकायचा. त्याच्यावर गिधाडांची वीसेक वर्षं निघाली. ऐंशी सालाच्या अलीकडेपलीकडे कधीतरी तो म्हातारा गेला आणि त्याच्या मुलांनी साखर कारखान्यात नोकऱ्या धरल्या. गाडी बंद झाली. मग लोक मेलेलं जनावर बांधाला पुरायला लागले, आणि ज्यांना पुरायचा आळस ते रानातल्या गड्यांकडून कसंतरी ढकलून ओढ्यात टाकायला लागले. ओढ्याला वास सुटला, कुत्री माजली. आणि आंब्यावरची घरटी वर्षागणिक कमी होत गेली. सर तेव्हापासून जास्तच वर बघायचे आणि कमी बोलायचे.

अशात एक दिवस पंचायतीचे चेअरमन दोघातिघांना घेऊन शाळेत आले. स्टाफरूममध्ये सर आणि मी दोघंच होतो. चेअरमन म्हणाले, ‘‘सर, पोरं घरात तुमचा धडा म्हनत्यात. गिधाड जगलं तर गाव निरोगी ऱ्हातंय. आमास्नी पटलं बगा.’’ सरांचा चेहरा मी त्या वेळी बघितला. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं पटलं असं सांगत कुणी मोठा माणूस आला नव्हता. त्यांनी शिपायाला चहा सांगितला, स्वतः उठून खुर्च्या पुसल्या.

चहा झाल्यावर चेअरमन म्हणाले, ‘‘तर मग तुमच्या गल्लीत सांगा की. पैल्यासारकं ढोर माळाव न्यायचं. फुकट नगं, पंचायत काय ती मजुरी दील. तुमचा शबुद मोडनार न्हाईत ती.’’

सरांनी कप बशीत ठेवला. रागानं नाही, अगदी हळू. म्हणाले, ‘‘चेअरमनसाहेब, गिधाडाला मेलेलं ढोर लागतंय. म्हार लागत न्हाय.’’

‘‘आता गं बया. मग वडनार कोन?’’

‘‘ज्येचं ढोर, त्येनं.’’

चेअरमन हसले. त्यांना खरंच वाटलं की सर थट्टा करतायत. मग सर हसत नाहीत हे बघून ते उठले आणि दारात जाऊन म्हणाले, ‘‘म्हंजे पाखरं मेली तरी चालत्यात व्हय तुमाला?’’ चेअरमन गेल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, सर, मनाला लावून घेऊ नका. ते म्हणाले, ‘‘त्यो बरोबर इचारून गेला, मास्तर. चालत न्हाय मला. पन तरीबी माझ्या मानसानं पुन्ना दोर धरायचा न्हाय. दोन्ही खरं हाय, आनि दोन्ही मलाच धरून बसायचं हाय.’’ त्यांच्या या वाक्यानंतर मला त्या माणसाचं सगळं ओझं दिसलं. लांडग्याबिबट्यावर प्रेम करणारे शहरातले लोक मी नंतर पुष्कळ बघितले. त्यांच्यातल्या कुणाला असलं काही उचलावं लागलेलं नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आमच्या घरचा म्हातारा बैल मेला. माझे थोरले भाऊ अण्णा शेती बघायचे. मी त्यांना म्हटलं, आपण आपला बैल आपण माळावर नेऊ. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘शाळंत ह्येच शिकीवत्यात व्हय रं तुमी?’’ म्हणाले. आई तर रडायलाच लागली. पण अण्णा हट्टी माणूस, आणि चेअरमनशी त्यांचं बांधावरून वाकडं होतं. चेअरमन म्हणतोय ते होणार नाही एवढ्या एका गोष्टीसाठी ते तयार झाले. मोठी कामं पुष्कळदा अशाच कारणांनी होतात.

ओढणं अवघड नव्हतं. शेजारच्याचा ट्रॅक्टर मिळाला. अवघड होतं ते पायाला दोर बांधणं. ट्रॅक्टरवाला दुसरीकडे तोंड करून बसला होता. अण्णांना गाठ जमेना, मला तर दोर कुठून घ्यायचा तेही कळेना. सर बांधापलीकडे हात मागे बांधून उभे होते. ‘‘मागच्या पायास्नी. वर न्हाय, गुडघ्याच्या खाली. दोन येढं देऊन मग आत घाला,’’ असं सांगत होते. हे त्यांना लहानपणी बघून ठाऊक होतं. गाठ दुसऱ्यांदा सुटली तेव्हा त्यांचे हात पुढे आले. पुरे पुढे आले, बांधाच्या अलीकडे. मग त्यांनी ते परत मागे नेले आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं. तिसऱ्यांदा गाठ बसली. घरी आल्यावर ट्रॅक्टरवाल्यानं मागचा हुक हळदीच्या पाण्यानं धुतला आणि महिनाभर आमच्या घरचा चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिधाडं उतरली. कुठून आली कळलं नाही. आभाळ रिकामं होतं आणि बघता बघता भरलं. सर आणि मी लांब दगडावर बसून बघत होतो. ती भांडत होती, पंख उघडून एकमेकांना ढकलत होती, आणि सर लग्नघरातल्या यजमानासारखे समाधानानं बघत होते. म्हणाले, ‘‘अण्णास्नी माझा नमस्कार सांगा.’’ अण्णांना मी सांगितला. ते म्हणाले, नमस्कार कसला, आईनं अजून मला देवघरात येऊ दिलेलं नाही.

पुढच्या वर्ष-दीड वर्षात आणखी दोनचार घरांनी आपली जनावरं आपण नेली. आवडीनं नव्हे. ओढ्याचं पाणी प्यायचं होतं आणि गाठ कशी मारायची ते आता अण्णांना येत होतं. सर प्रत्येक वेळी बांधापलीकडे उभे राहायचे, हात मागे. आंब्यावर घरटी वाढली. त्या वर्षी सरांनी फळ्यावर गिधाडापुढे ‘सुधारतंय’ असं लिहिलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या, असं ते मला सांगत आले.

माळावर मांस पडायला लागलं तसा लांडगाही परत आला. एकटाच होता. त्यानं दत्तू नावाच्या शेतकऱ्याची दोन कोकरं नेली. दत्तू गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची मुलगी आठवीत होती. त्या थंडीत दत्तूचं वासरू मेलं तेव्हा त्यानं सरांच्या नियमाप्रमाणं ते स्वतः माळावर नेलं. नेण्याआधी त्याचं पोट फाडून आत तंबाखूवर मारायचं औषध ओतलं. लांडग्यासाठी.

मेंढरं राखणाऱ्या धनगरानं शाळेत निरोप आणला. सर वर्ग तसाच सोडून निघाले, मी मागून. गिधाडं वासराभोवती पडली होती, काही आंब्याखाली, काही वाटेत. पंख अर्धे उघडे, माना मातीत. एक अजून उडायचा प्रयत्न करत होतं. आम्ही पोचेपर्यंत तेही थांबलं. एका घरट्यातून पिलू खाली वाकून बघत होतं. ते किती दिवस टिकलं ते बघायला मी नंतर गेलो नाही. लांडगा ओढ्याच्या डोहाजवळ पडला होता, तोंड पाण्यात. औषधानं तहान लागते म्हणतात.

दत्तू तिथंच उभा होता. पळून गेला नव्हता. त्याला काय झालं तेच कळत नव्हतं. ‘‘सर, मी लांडग्यापायी घातलतं,’’ तो म्हणाला. ‘‘पाखरास्नी काय हुनार न्हाय म्हनून घातलतं. तुमीच शिकीवलंय की. पोरगी रोज म्हनती घरात, गिधाडाला कशाची बी बाधा व्हत न्हाय, फाशीच्या रोगानं, काळपुळीनं मेलेलं बी पचतंय त्येला. मला वाटलं, त्येच्या पोटाला ह्येबी पचंल.’’

हे वाक्य सरांचंच होतं. ‘गिधाडाला कशाची बाधा होत नाही.’ मी वर्गाबाहेरून जाताना कितीदा तरी ऐकलेलं. गिधाडाची किळस करणाऱ्या पोरांना त्याचं मोठेपण कळावं म्हणून ते हे वाक्य जोरात म्हणायचे आणि पोरांकडून म्हणून घ्यायचे. दत्तूला सर एवढंच म्हणाले, ‘‘तू घरला जा. हात साबनानं धू, पोरीला जवळ घिऊ नगंस तवर.’’

मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. धनगराकडून खोरं मागून घेतलं, आंब्याखाली खड्डा खणायला लागले. पाखरं तशीच ठेवली तर कुत्री खातील आणि तीही मरतील. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, ‘‘ह्ये मला करू द्या.’’ खड्डा झाल्यावर एकेक गिधाड दोन्ही हातांनी उचलून आणू लागले. पंख मिटवून, मान छातीशी घेऊन. मी घाबरून म्हटलं, सर, आप्पांना दिलेलं वचन? ते न थांबता म्हणाले, ‘‘ढोराला हात लावायचा न्हाय म्हनालेत. ह्ये ढोर न्हाय, मास्तर. वर्ग येगळा हाय ह्येचा.’’ एरवी मी हसलो असतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मोकळे नसल्यामुळे ते पुसता येत नव्हतं.

लांडग्याजवळ मात्र ते थांबले. तो डोहाच्या खोल, निसरड्या काठाला होता, उचलून वर आणता येण्यासारखा नव्हता. मागच्या पायांना दोर बांधून ओढत आणावा लागणार होता. धनगरानं दिलेला दोर माझ्या हातात होता. सर त्या पायांकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘‘ह्ये मला हुनार न्हाय. तुमी करा.’’ मी गाठ मारली. ती एकदाच बसली. लांडगा आणि वासरू मी आणि धनगरानं मिळून ओढलं आणि वेगळ्या खड्ड्यात पुरलं.

गिधाडं आमच्या माळावर पुन्हा कधी आली नाहीत. सरांनी धडा शिकवायचा सोडला नाही, पण ते वाक्य सोडलं. पुढच्या वर्षी गिधाडाच्या हालहवालीपुढे त्यांनी ‘इथं नाही’ एवढंच लिहिलं आणि एका मुलानं सर, का, असं विचारल्यावर ‘‘माझ्यामुळं’’ म्हणाले. ते खरं नव्हतं. मी त्यांना अनेकदा समजावलं. कुणी काही समजावायला लागलं की ते ऐकून घ्यायचे, पण मानायचे नाहीत.

त्या दिवशी माळावरून आम्ही सरांच्या घरी आलो तेव्हा ऊन अजून होतं. आप्पा कट्ट्यावर बसले होते. त्यांना तोपर्यंत दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. सर दाराबाहेरच्या दगडावर उकिडवे बसले आणि साबण लावून लावून हात धुवायला लागले. मी तांब्यानं पाणी घालत होतो.

‘‘कुटं गेलतास रं?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘माळाव.’’

‘‘शाळंच्या येळंला?’’

सरांनी सगळं सांगितलं. दत्तूचं वासरू, औषध, पाखरं, लांडगा. स्वतःचं वाक्यही सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाले, ‘‘आप्पा, मी पाखरास्नी हात लावला. ढोराला न्हाय लावला. लांडगा आनि वासरू मास्तरांनी वडलं.’’

मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. आप्पांचा जबडा नुसता हलत होता.

‘‘समदी ग्येली?’’

‘‘समदी.’’

‘‘आनि तू एकट्यानं पुरलीस?’’

‘‘व्हय.’’

‘‘मला का न्हाय बलवलंस?’’

सर हात धुवायचे थांबले. ‘‘तुमीच म्हनला हुता न्हवं, आप्पा...’’

‘‘त्ये ढोराचं रं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘गावाच्या ढोराचं. ह्येंचं कुटं म्हनलोतो मी? ढोर पडलं की आमी सुरी घिऊन बसायचो, खायाला घरात दुसरं काय नसायचं. ही पाखरं कडंला बसून ऱ्हायाची. आमचं कापून हुईस्तवर येक बी पुढं याचं न्हाय. आमी उटलो की मग ती. गावानं आमास्नी कवा पंगतीत बशिवलं न्हाय. मी पंगतीत जेवलो ती ह्येंच्याच. मातीला तरी न्यायचं हुतंस मला.’’

साबणाचा फेस सरांच्या हातावर वाळायला लागला होता, म्हणून मी आणखी थोडं पाणी घातलं.

‘‘ऊन हाय न्हवं अजून?’’ आप्पा म्हणाले.

‘‘हाय.’’

‘‘मग काठी दे.’’

सरांनी ओले हात शर्टालाच पुसले, आप्पांना काठी दिली, त्यांचा दुसरा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं माळाच्या वाटेला लागले.